डोकी मोजली, वाट मोजायची राहिली: आंबेगावच्या डोंगरातील आरोग्य सेविकेचा इतिहास

१/२४
आरोग्य उपकेंद्राचा सरकारी निकष वाचायला सोपा आहे. सपाट प्रदेशात ५००० लोकसंख्येमागे एक, डोंगरी व आदिवासी प्रदेशात ३००० मागे एक. तिथे काम करणाऱ्या स्त्रीला कागदोपत्री ‘आरोग्य सेविका’ म्हणतात, गावात ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’. हा निकष कुठून आला, आणि मंचरच्या पश्चिमेच्या डोंगरांत तो तोकडा का पडतो, याविषयीचा हा धागा. #थ्रेड #इतिहास

२/२४
आधी भूगोल. मंचर हे पुणे–नाशिक महामार्गावरचे, पुण्याहून सुमारे ६० किलोमीटरवरचे मोठे बाजाराचे गाव. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव, पण उपजिल्हा रुग्णालय मंचरला. पूर्वेकडे ऊस, कांदा, बटाट्याची बागायत. पश्चिमेकडे घोडेगाव व डिंभे ओलांडले की सह्याद्री लागतो: भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी व ठाकर समाजाच्या विखुरलेल्या वाड्या. शेजारच्या जुन्नर तालुक्याची घडणही अशीच.

३/२४
आता पदांची नावे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यांत गुंतलेला आहे. रुग्णालयातील परिचारिका म्हणजे ‘अधिपरिचारिका’, तिच्या वर ‘परिसेविका’ व ‘अधिसेविका’. ही साखळी राज्याच्या आरोग्य विभागाची, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालची. गावपातळीवर ‘आरोग्य सेविका’ आणि तिच्या वर ‘आरोग्य सहायिका’. ही साखळी जिल्हा परिषदेची, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखालची. वाडीवरून मंचरला येणारी बाळंतीण एकच असते. तिची कागदपत्रे मात्र दोन कार्यालयांच्या हद्दी ओलांडून येतात.

४/२४
एकोणिसाव्या शतकात यातले काहीच नव्हते. बाळंतपण सुईण करी. ती बहुधा त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या जातीची असे. तिचा अनुभव गावाला हवा होता, तिचा स्पर्श मात्र बाळंतपणापुरताच चालत असे. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले, पण तिथल्या परिचारिका प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन वा ख्रिस्ती होत्या. परक्या देहाची शुश्रूषा करणे हे ‘घरंदाज’ स्त्रीचे काम मानले जात नव्हते. परिचर्येकडे पाहण्याची ही अढी पुढेही दीर्घकाळ टिकली.

५/२४
खेड्यांच्या आरोग्याचा विचार त्या काळी मुख्यतः पाणी, गटारे आणि उकिरडे यांच्याभोवती फिरत होता. आधुनिक परिचर्येची जननी मानली जाणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात कधीही आली नाही, पण भारतातील स्वच्छतेवर तिने अनेक दशके लिखाण केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. १८८९ साली मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. त्यात घाण कोणी काढावी याचा विचार होता. आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसावे, हा प्रश्न तसाच राहिला.

६/२४
तो प्रश्न प्लेगने ऐरणीवर आणला. १८९६ च्या अखेरीस मुंबईत आणि १८९७ च्या आरंभी पुण्यात साथ पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात घरांच्या झडत्या घ्यायला सैनिक नेमले गेले. त्यातून उसळलेला संताप २२ जून १८९७ च्या रँड वधापर्यंत पोहोचला. राज्ययंत्रणेने रोग शोधण्यासाठी बळ वापरले की लोक रोगी लपवतात, हा त्या वर्षाचा धडा होता.

७/२४
त्याच साथीत याच शहराने दुसरा मार्गही पाहिला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी उपचारकेंद्र चालवले. रुग्णांची सेवा करतानाच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. त्यांची ओळख शिक्षिका म्हणून सांगितली जाते. महाराष्ट्रातील सार्वजनिक परिचर्येच्या इतिहासातही त्यांचे नाव आरंभीच्या पानावर असायला हवे.

८/२४
मराठी मध्यमवर्गातील स्त्रियांना या व्यवसायाचे दार उघडून दिले ते रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने पुढे विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससूनमध्ये परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. समाजाचा विरोध तीव्र होता. तरीही निराधार स्त्रीला स्वतःच्या कमाईवर जगता येते, हे या विद्यार्थिनींनी दाखवून दिले. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका व सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला आणि या कामाला व्यवसाय म्हणून कायद्याची मान्यता मिळाली.

९/२४
पण हे सारे शहरापुरते होते. खेड्याचे चित्र १९४६ साली भोर समितीच्या अहवालाने आकड्यांत मांडले. ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. त्याच वेळी ब्रिटनमध्ये सुमारे ३०० माणसांमागे एक परिचारिका होती. थोडक्यात, देशात डॉक्टरांचा तुटवडा होताच, पण परिचारिकांचा तुटवडा त्याहून कितीतरी भयंकर होता. सार्वजनिक चर्चेत मात्र आजही पहिलाच तुटवडा अधिक गाजतो.

१०/२४
भोर समितीची तात्पुरती योजना अशी होती: ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र, आणि त्यात दोन डॉक्टरांसोबत चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एक रुग्णालयीन परिचारिका, चार प्रशिक्षित प्रसाविका आणि चार प्रशिक्षित दाया. म्हणजे घरोघरी जाणारी पूर्ण शिकलेली परिचारिका समितीला हवी होती. स्वातंत्र्यानंतर केंद्रे १९५२ पासून उभी राहू लागली, पण बरीच विरळ. मनुष्यबळाच्या बाबतीत तर योजनेचा सांगाडाच तेवढा उचलला गेला.

११/२४
पूर्ण शिकलेल्या परिचारिका घडवायला वेळ लागणार होता, पैसाही लागणार होता. म्हणून १९५० च्या दशकारंभी ‘सहायक परिचारिका प्रसाविका’ हे नवे पद निघाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘एएनएम’ झाली. दोन वर्षांचे प्रशिक्षण, भर प्रसूतीवर. नावातच ‘सहायक’ हा शब्द होता. पण ती साहाय्य करणार कोणाला? उपकेंद्रात तिच्या वर कोणी बसतच नव्हते. तुटवड्यावरचा तात्पुरता उपाय म्हणून निर्माण झालेले हे पद ग्रामीण आरोग्याचा कायमचा पाया ठरले.

१२/२४
१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. लोकांच्या जवळची सत्ता लोकांच्या जवळचा दवाखाना चालवील, हा विचार योग्यच होता. पण मोठी रुग्णालये राज्याकडेच राहिली. तिसऱ्या भागात सांगितलेल्या दोन साखळ्या इथून सुरू होतात. वाडीवर जोखमीची गरोदर स्त्री ओळखणारी सेविका एका यंत्रणेची आणि तिचे बाळंतपण करणारी परिचारिका दुसऱ्या यंत्रणेची. या दोघींमधला दुवा म्हणजे एक चिठ्ठी.

१३/२४
१९६० च्या दशकाच्या मध्यापासून कुटुंब नियोजनाला उद्दिष्टे लावली गेली. प्रसूतीसाठी नेमलेल्या सेविकेचे मोजमाप शस्त्रक्रियांच्या ‘केसेस’वर होऊ लागले. आणीबाणीत याचा कळस झाला. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण आरोग्य कर्मचाऱ्यांविषयीचा अविश्वास देशभर पसरायचा तो पसरलाच. १८९७ चा धडा ऐंशी वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला, आणि या वेळी लोकांच्या रोषाला सामोरी जाणारी व्यक्ती सैनिक नव्हती, नर्सबाई होती. उद्दिष्टांची ही पद्धत अधिकृतपणे सुटायला १९९६ साल उजाडले.

१४/२४
दरम्यान १९७३ साली कर्तारसिंग समितीचा अहवाल आला. हिवतापाचा कर्मचारी वेगळा, देवीच्या लसीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा, ही विभागणी मोडून ‘बहुउद्देशीय’ कर्मचारी असावा, ३००० ते ३५०० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे आणि त्यात एक स्त्री व एक पुरुष कर्मचारी असावा, असे समितीने सुचवले. आजच्या निकषातील ३००० च्या आकड्याचे मूळ या काळात आहे. समितीचा तर्क नीटस होता: कमी लोकसंख्या, पण सर्व कामे.

१५/२४
प्रत्यक्षात कामे आली, जोडीदार अनेकदा आला नाही. सेविकेचा पगार मुख्यतः केंद्राच्या कुटुंबकल्याण निधीतून येई, तर पुरुष कर्मचाऱ्याचा भार राज्यांवर होता. त्यामुळे देशभर पुरुषांची पदे मोठ्या संख्येने रिकामी राहिली आणि त्यांचे कामही बरेचसे सेविकेकडे वळले. त्याच सुमारास तिचे प्रशिक्षण चोवीस महिन्यांवरून अठरा महिन्यांवर आणले गेले. कामे वाढली, शिकण्याचा काळ घटला, आणि प्रसूतीचे कौशल्य मागे पडले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम परत यायला २०१२ साल लागले.

१६/२४
दुसरा मार्ग शक्य होता, हे महाराष्ट्रानेच दाखवले. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे ६० टक्क्यांनी घटला होता. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. काळजी घेणारी स्त्री चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहत होती.

१७/२४
अंतराचे महत्त्व लसीकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. ती प्राथमिक केंद्रातल्या शीतपेटीतून निघते, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून वाडीवर जाते आणि उरलेली त्याच दिवशी परत येते. गोवरच्या लसीची कुपी एकदा तयार केली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. सपाटीवरच्या गावात हे चार तास पुरतात. दोन वाड्यांच्या मध्ये ओढा आणि चढ असेल, तर तेच तास वाटेवर खर्च होतात.

१८/२४
आंबेगावात याला आणखी एक पदर आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव गाव बुडाले. तालुक्याचे नाव राहिले, गाव पाण्याखाली गेले. धरणाने पूर्वेची शेते हिरवी केली. पश्चिमेच्या काही वाड्यांच्या जुन्या पायवाटा मात्र पाण्याने तोडल्या. लोकसंख्येचा आकडा तसाच राहिला, वळसा वाढला. निकषाच्या तक्त्यात या वळशासाठी रकाना नव्हता. एवढे असूनही देशातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला, तो देशभरच्या अशाच वाटा तुडवणाऱ्या सेविकांमुळे.

१९/२४
अधिकारांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. मातामृत्यूचे एक प्रमुख कारण म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. तो थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन स्वस्त आहे. तरीही ते देण्याची, किंवा गरोदरपणातील झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देण्याची स्पष्ट मुभा केंद्राने सेविकेला दिली ती २००५ च्या सुमारास. पद निर्माण झाल्यानंतर अर्धशतकाने. तोवर जंगलातल्या उपकेंद्रात एकटी असलेल्या सेविकेने नियमाप्रमाणे करायचे ते एवढेच: बाळंतिणीला पुढे पाठवायचे. वाहन असेल तर.

२०/२४
एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्याबरोबर हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ आली, दुसरी सेविका आली, पुढे रुग्णवाहिका आली. महाराष्ट्रात संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५–०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते, ते २०१९–२१ च्या पाहणीत सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००४–०६ मधील १३० वरून २०१८–२० मध्ये ३३ वर आले. या यशातला मोठा वाटा ज्यांचा आहे, त्यांपैकी आशा मानधन व कामानुसार मिळणाऱ्या मोबदल्यावर आणि अनेक परिचारिका करारावर काम करतात.

२१/२४
३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याचे बाहेरच्या जगाला एका एसटी चालकामुळे कळले. वाचलेल्या जखमींना मंचरच्या रुग्णालयात आणले गेले. अशा प्रसंगी दोन गोष्टी उघड होतात. पश्चिमेच्या सगळ्या वाटा शेवटी मंचरच्या वॉर्डात येऊन मिळतात. आणि कोणत्या घरात तान्हे मूल आहे, कोण स्त्री दिवसांत आहे, हे सांगू शकणारी ताजी नोंद सहसा उपकेंद्राच्या वहीतच असते.

२२/२४
२०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर ‘आरोग्यवर्धिनी’ केंद्रांत होऊ लागले आणि तिथे ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ आले. मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाची प्राथमिक तपासणी अशी नवी कामे आली. पाठोपाठ करोना आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो १८९७ चाच कायदा. या वेळी घरोघरी सैनिक गेले नाहीत, सेविका व आशा गेल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्याला त्या कायद्यान्वये अजामीनपात्र गुन्हा ठरवणारा अध्यादेश २२ एप्रिल २०२० रोजी निघाला. कायदा जन्मल्यानंतर १२३ वर्षांनी त्यात शुश्रूषा करणाऱ्यांच्या सुरक्षेचा विचार आला.

२३/२४
अंतराचा विचार धोरणात अजिबात झाला नाही, असे नाही. वस्तीपासून पायी ३० मिनिटांत उपकेंद्र असावे, असा ‘वेळेवर’ आधारलेला निकष केंद्राने पुढे स्वीकारला. पण तो डोंगरी राज्यांतील निवडक जिल्हे आणि वाळवंटी प्रदेश यांच्यापुरता. महाराष्ट्र डोंगरी राज्यांत मोडत नाही. सह्याद्रीतील चढ हिमालयाइतका उंच नसेलही, पण आषाढात भात लावणीच्या दिवसांत, पावसाने ओढे भरलेले असताना, नवव्या महिन्यातल्या स्त्रीला तो तितकाच अवघड असतो.

२४/२४
पाऊणशे वर्षांच्या या इतिहासात एक रीत वारंवार दिसते. प्रत्येक योजनेने आरोग्य सेविकेला एक नवी नोंदवही दिली, जुनी क्वचितच काढून घेतली. कामे लगेच सोपवली, अधिकार उशिरा दिले. तिची नेमणूक माणसे मोजून केली, तिचा दिवस मात्र वाट खाते. हजार लोकसंख्येमागे तीन परिचारिका असाव्यात, असे आज सांगितले जाते. तो आकडा गाठायलाच हवा. पण पुढचा निकष लिहिणाऱ्यांनी त्याआधी एकदा डिंभ्याच्या पुढे जावे, उपकेंद्रापासून शेवटच्या वाडीपर्यंत लसीचा डबा घेऊन चालावे, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. ३००० च्या शेजारी तोही आकडा छापला गेला पाहिजे. (धागा समाप्त)